जुन्या ट्रकच्या दारांची आतली पॅनल्स घरी बनवली: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

जुन्या पिकअप ट्रकच्या दोन्ही दारांची आतली पॅनल्स मी स्वतः बनवून बसवली, त्याला आता अकरा महिने झाले. बसवल्या दिवशी कुठलंही पॅनल छानच दिसतं. म्हणून ऊन, पाऊस आणि थंडी तिन्ही पाहून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

उजवं पॅनल 3 मिमी एबीएस प्लास्टिकच्या शीटचं केलं आणि डावं तेवढ्याच जाडीच्या हार्डबोर्डचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पातळ फळीचं. एबीएसची शीट एकाच दारापुरती होती आणि गाडीची मूळ पॅनल्सही हार्डबोर्डचीच होती, त्यामुळे डाव्या बाजूला तेच चालेल असं वाटलं. वरून दोन्हीकडे सारखंच काम: 6 मिमी फोम, त्यावर गडद तपकिरी रेक्झिन आणि मधोमध आडव्या शिलाईच्या चार रेघा.

हार्डबोर्डने पाचव्या महिन्यात मान टाकली. पावसाला सुरुवात होऊन तीनेक आठवडे झाले असतील, डाव्या पॅनलची खालची कड हाताला जाड लागली. पॅनल उपसायला गेलो तर खालची क्लिप दारातच राहिली आणि तिच्याभोवती हार्डबोर्डचा नाण्याएवढा तुकडाही. मागची बाजू काळपट पडली होती, नखाने खरवडलं की ओल्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे सुटत होते.

दोष फक्त हार्डबोर्डचा नव्हता. काचेच्या बाहेरचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तसं अपेक्षितही नसतं. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराची रचनाच तशी असते. म्हणून आतला पत्रा आणि पॅनल यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा लावतात. मीही लावला होता, पण त्याचा खालचा काठ पत्र्यावरच चिकटवून टाकला. तो काठ खालच्या खाचेतून दाराच्या आत सोडायला हवा, म्हणजे पडद्यावरून उतरणारं पाणी परत दाराच्या पोटात पडतं. माझं पाणी थेट पॅनलच्या मागे जमत होतं. त्यात तळाचं एक भोक मातीने बुजलेलं.

मग उजवं दारही उघडलं. चूक तिथेही तीच होती. एबीएस पाणी पीत नाही म्हणून वरून काही कळलं नव्हतं, पण खालच्या क्लिपांच्या भोकांभोवती पत्र्यावर गंजाचे ठिपके उठायला लागले होते. हे पाहून मला हार्डबोर्ड फुगल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. पॅनल पुन्हा करता येतं, जुना पत्रा कुठून आणणार? गंज घासून प्रायमर मारला, भोकं मोकळी केली आणि पडदा नव्याने ब्युटाइल टेपने, म्हणजे रबरासारख्या चिकट पट्टीने लावला. आधी साधी दुहेरी चिकटपट्टी वापरली होती, ती ओलाव्याने जागोजागी सुटली होती. ब्युटाइल मऊच राहतो, त्यामुळे पडदा सोलून परत तिथेच दाबता येतो.

एबीएसचेही त्रास आहेत. ते तापलं की बरंच वाढतं. 90 सेमी लांबीच्या शीटला 40 अंशांचा फरक पडला तर साधारण 3 मिमी. मी क्लिपांची भोकं गोल आणि घट्ट ठेवली होती, त्यामुळे भर दुपारी दोन क्लिपांच्या मध्ये पॅनल फुगीर व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा सपाट. मधली एक क्लिप घट्ट ठेवून बाकीची भोकं आडवी लांबट केल्यावर ते थांबलं. दुसरं म्हणजे चिकटवायचं सोल्यूशन. त्यातल्या द्रावकाने एबीएस मऊ पडतं, एकदम जाड थर दिला तर शीट वाकते. पातळ हात मारायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा.

सोल्यूशनच्या बाबतीत काटकसर करू नका, हे कळकळीने सांगतो. पहिल्यांदा मी साधा स्प्रे वापरला. सपाट भागावर तो टिकला, पण आर्मरेस्टच्या वर जिथे रेक्झिन आतल्या बाजूला वळतं, तिथे पहिल्याच उन्हाळ्यात सुटलं. आत वळणाऱ्या जागी ताणलेलं रेक्झिन सतत सरळ व्हायला बघतं आणि उन्हात बंद केबिन तापली की साधा गोंद सैल पडतो. तेवढा भाग उकलून उष्णता सहन करणारं, ब्रशने लावायचं सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो आणि रोलरने मधून कडेकडे दाबत नेलं. तेव्हापासून तिथे फुगा आलेला नाही.

काच वर-खाली करायच्या हँडलचा हिशेबही माझा चुकला होता. मूळ पॅनल जेमतेम 3 मिमी, माझं फोम धरून 9. हँडल दांडीवर पुरतं बसेना, अर्धवट बसवलं तर फिरवताना रेक्झिनला घासायचं. दांडीभोवती आठ सेंटिमीटरच्या गोलातला फोम काढून टाकल्यावर नीट बसलं. हे रेक्झिन चढवण्याआधी करता आलं असतं, तर एक संपूर्ण रविवार वाचला असता.

आर्मरेस्टचे बोल्ट मात्र पहिल्यापासून दाराच्या पत्र्यातल्या ब्रॅकेटमध्ये घेतले होते. दार रोज त्यालाच धरून ओढलं जातं, तरी तसूभरही हललेला नाही. शिलाईला पॉलिएस्टरचा जाड दोरा वापरला, उन्हाने त्याचा रंगही उतरलेला नाही.

डावं पॅनल सहाव्या महिन्यात एबीएसचं केलं. पहिल्या वेळचा पुठ्ठ्याचा नमुना जपून ठेवला होता. त्यावर प्रत्येक क्लिपची जागा, हँडलचं मध्य आणि ‘डावं, आतली बाजू’ असं पेनाने लिहिलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा शीट कापून भोकं पाडायला दीड तास पुरला. नमुना अजून शेडच्या भिंतीवर टांगलेला आहे.