पडद्यावरची बंदूक: कोरं काडतूस, गॅसची प्रतिकृती, रबरी ठोकळा की नंतर जोडलेली ज्वाला?

गुन्हेगारीपटाची तयारी सुरू झाली की "पात्राला कोणती बंदूक द्यायची?" हा प्रश्न येतो. तो पूर्ण चित्रपटासाठी एकदाच विचारला जातो, तिथेच गडबड होते. एका पात्राचं एकच पिस्तूल सेटवर चार वेगळ्या वस्तू असू शकतं: कमरेला खोचायला रबरी, धावताना हातात धरायला वजनदार पण मुकं (बार न उडवणारं), गोळीबाराला गॅसचं, आणि मोजक्या शॉट्ससाठी कोरं काडतूस उडवणारं. म्हणून निवड शॉटगणिक करावी. आमचा नियम सोपा आहे. चेहरा, हाताला बसणारा धक्का आणि उडणारी पुंगळी (काडतुसाचं रिकामं धातूचं आवरण) हे तिन्ही एकाच फ्रेममध्ये दिसणार नसतील, तर कोऱ्या काडतुसाचा विचारच करू नका.

कोरं काडतूस: सगळ्यात खरं, सगळ्यात हट्टी

कोऱ्या काडतुसात पुंगळी, टोपी (आघातानं पेटून दारूला ठिणगी देणारा बुडाचा भाग) आणि दारू असते, गोळी नसते. पुंगळीचं तोंड चुरगळून किंवा बूच लावून बंद केलेलं असतं. बार उडाला की नळीतून तापलेला वायू, न जळलेले दारूचे कण आणि बुचाचे तुकडे बाहेर येतात. अभिनेत्याचे डोळे मिचकतात, मनगट उचललं जातं, बाजूची भिंत उजळते, धूर रेंगाळतो. हे सगळं एकदम आणि फुकट मिळतं. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत यातली प्रत्येक गोष्ट वेगळी बसवावी लागते.

पण स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांना पुढचं काडतूस आत घ्यायला दाब लागतो, आणि गोळीच नसल्यामुळे तो नळीत तयार होत नाही. त्यासाठी आर्मरर, म्हणजे सेटवरची शस्त्रं सांभाळणारा तज्ज्ञ, नळी आतून अरुंद करतो. तो अडथळा एका ठरावीक ताकदीच्या काडतुसासाठीच जुळवलेला असतो. पूर्ण, अर्धा आणि पाव असे दारूचे भार मिळतात, पण पूर्ण भारावर जुळवलेल्या पिस्तुलात पाव भार घातला तर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) अर्ध्यातच थांबते, पुंगळी बाहेर पडायच्या दारात अडकते आणि टेक वाया जातो. "खोली लहान आहे, हलकी काडतुसं भरू" ही दिग्दर्शकाची सूचना रिव्हॉल्व्हर आणि पंप शॉटगनला चालते, कारण ती हातानं फिरतात. पिस्तुलाला आणि मशीनगनला ती चालत नाही. हे चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी कळलं तर फार उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण उडणाऱ्या पुंगळीची. ती चटका देण्याइतकी गरम असते आणि बहुतेक शस्त्रांत उजवीकडे फेकली जाते. उजव्या बाजूला उभ्या सहअभिनेत्याच्या कॉलरमध्ये ती शिरली की तो उडी मारतो, आणि त्याच्याही हातात बंदूक असते. जागा आखताना गोळी झाडणाऱ्याची उजवी बाजू मोकळी ठेवा. नळीसमोर कुणी नसावं. अनेक ठिकाणी 6 मीटर हे किमान अंतर धरलं जातं, पण ते भारानुसार वाढतं आणि आर्मररच ते ठरवतो. नेम माणसावर धरायचाच नाही. अभिनेता किंचित बाजूला नेम धरतो आणि कॅमेऱ्याचा कोन ती फट लपवतो. लांब लेन्सनं हे सहज जमतं, वाइड लेन्सनं नाही. कॅमेरा समोर हवाच असेल तर पॉलिकार्बोनेटचा पडदा लावावा आणि कॅमेरा दुरून चालवावा.

बार फुसका निघाला तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान 30 सेकंद थांबायचं. दारू उशिरा पेटू शकते. अभिनेत्यानं नळीत डोकावणं, स्लाइड खेचणं यातलं काहीही करायचं नाही.

गॅसची प्रतिकृती: बहुतेकांसाठी योग्य उत्तर

एअरसॉफ्ट प्रकारातली, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे झाडणारी, गॅसच्या दाबावर चालणारी गॅस ब्लोबॅक पिस्तुलं चाप ओढला की स्लाइड मागे-पुढे करतात. खऱ्या पिस्तुलाची स्लाइड साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात फिरून येते, म्हणजे 24 फ्रेमच्या चित्रणात एक-दोन फ्रेम. प्रेक्षकाला ती नीट दिसत नाही, फक्त जाणवते. तेवढी जाणीव गॅसचं पिस्तूल चोख देतं. ज्वाला, धूर आणि पुंगळी मात्र नंतर जोडावी लागते.

याच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. भराभर चाप ओढला की मॅगझिन थंड पडतं, दाब उतरतो आणि पाचव्या-सहाव्या बाराला स्लाइड मरगळते. एका पिस्तुलामागे चार-पाच मॅगझिन ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. थंडीत ती अंगालगत खिशात ठेवा. हीटरवर किंवा आगीजवळ ठेवलेलं भरलेलं मॅगझिन धोकादायक आहे. झडप गळत असेल तर रबरी सीलला सिलिकॉन तेल द्या, साधं मशीन तेल नाही. त्यानं काही प्रकारचं रबर फुगतं.

नवख्या चमूचा अर्धा दिवस खाणारी गोष्ट वेगळीच आहे. यात छर्रे भरायचे नसतात. पण मॅगझिन रिकामं दिसलं की पहिल्याच बाराला स्लाइड मागे अडकून बसते, कारण शेवटच्या गोळीनंतर ती अडकावी अशीच रचना असते. छर्रे वर ढकलणारा तुकडा मॅगझिनमध्ये खाली अडकवून ठेवला की हे थांबतं. काही मॅगझिनमध्ये त्यासाठी खाच असते, नसेल तिथे अडसर बसवावा लागतो.

जवळच्या शॉटमध्ये दोन खुणा भांडं फोडतात. समोरून पाहिलं तर रुंद नळीच्या आत 6 मिलिमीटरची बारीक नळी दिसते, आणि स्लाइडवर छर्ऱ्याचा व्यास छापलेला असू शकतो. काही देशांत कायद्यानं टोकाला नारिंगी रंग असतो. तो चित्रीकरणापुरता झाकण्याआधी तिथला नियम पाहा. नळीतून छर्रा खरोखर वेगानं सुटू शकतो, त्यामुळे "खेळण्यातली आहे" म्हणत कुणाच्या डोळ्यांसमोर ती धरू नये.

रबर, आणि मुकी धातूची प्रतिकृती

मारामारी, पडणं, गाडीतून उडी या सगळ्याला मऊ रबर किंवा फोम. दुसरा पर्याय नाही. कडक युरेथेनच्या ठोकळ्यानंही दात तुटतो. मऊ पिस्तूल उन्हात नळीपाशी वाकतं, म्हणून आत तारेचा सांगाडा असलेलं घ्या. कडांचा रंग उडतो, त्यामुळे रंगाची डबी सोबत हवी. कपाळाला किंवा मानेला बंदूक लावण्याचा प्रसंग असेल तर भक्कम, बार न उडवणारी प्रतिकृतीच वापरावी, नळी बंद असलेली.

इथे कोऱ्या काडतुसाबद्दलचा भ्रम जीवघेणा ठरतो. 1984 साली अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्समनं एका मालिकेच्या सेटवर कोरं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. नळीत गोळी नव्हती. नुसत्या बुचाच्या आणि वायूच्या धक्क्यानं कवटी फुटून हाडाचा तुकडा मेंदूत घुसला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

नंतर जोडलेली ज्वाला

संगणकावर जोडलेली ज्वाला खोटी वाटते ही तक्रार खरी आहे, पण कारण बहुतेकदा सेटवरचं असतं. बंदूक हलली नाही, चेहऱ्यावर उजेड पडला नाही, डोळे मिटले नाहीत. ज्वाला कितीही सुंदर काढली तरी माणूस निर्जीव वस्तू धरून उभा दिसतो. उपाय सेटवरच आहे: नळीच्या दिशेला छोटा एलईडी दिवा ठेवून चापाबरोबर क्षणभर लावा. रात्रीच्या दृश्यात हे सोडलंत तर नंतर भरून काढता येत नाही. ज्वाला एकच फ्रेम ठेवा, फार तर दोन. आकार शस्त्राप्रमाणे बदला: फटी असलेल्या फ्लॅश हायडरमधून (ज्वाला कमी करणारा नळीच्या टोकाचा भाग) चांदणीसारखी निघते, पिस्तुलाची गोळाकार असते, मझल ब्रेक (धक्का कमी करायला वायू बाजूंना सोडणारा टोकाचा भाग) असेल तर बाजूंना फाकते. भर दुपारी तर ती जवळजवळ दिसूच नये.

खरी ज्वालाही कॅमेऱ्यात येईलच याची खात्री नसते. 24 फ्रेम आणि 180 अंश शटरला प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या 48व्या भागापुरती उघडी असते आणि तितकाच वेळ बंद. ज्वाला काही मिलिसेकंदांची. म्हणजे साधारण अर्धे बार बंद शटरच्या काळात जातात. रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र ओळीओळीनं टिपणाऱ्या, सेन्सरवर तर ज्वालेनं उजळलेला फक्त एक आडवा पट्टा येतो, फ्रेमचा उरलेला भाग अंधारात. कोरी काडतुसं वापरूनही अनेकदा ज्वाला रंगवावी लागते ती यामुळे. कोऱ्या काडतुसाचा खर्च आणि धोका पत्करण्याआधी तुमच्या कॅमेऱ्यावर आर्मररसोबत दहा बारांची चाचणी घ्या. तीच निर्णय करून टाकते.

कोणतं शस्त्र कोणत्या हातात

ग्लॉक 17 आणि बेरेटा 92 या दोन पिस्तुलांची तुलना नेहमी होते. ग्लॉक हलकं, चौकोनी, आजच्या पोलिसाच्या हातात सहज शोभणारं. बेरेटाची स्लाइड वरून उघडी असते आणि नळी तिरकी न होता सरळ मागे सरकते, त्यामुळे पुंगळी स्वच्छ बाहेर पडते आणि कोऱ्या काडतुसांवर ते कमी अडकतं. जास्त बार असतील तर बेरेटा. ग्लॉकला बाहेर हॅमर (अंगठ्यानं मागे चढवायचा घोडा) नाही. त्यामुळे धमकीच्या वाक्याआधी "खट्" असा हॅमर चढवल्याचा आवाज त्यावर टाकू नका, जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. तो आवाज हवाच असेल तर बेरेटा, 1911 (हे जुन्या घडणीच्या अमेरिकन पिस्तुलाचं नाव) किंवा रिव्हॉल्व्हर द्या.

1911 रुबाबदार दिसतं, पण त्याच्या .45 (इंचात मोजलेला गोळीचा व्यास) कोऱ्या काडतुसांनी जुन्या काळात आर्मररना फार छळलं. म्हणून कित्येक चित्रपटांत स्पेनचं 9 मिलिमीटरचं स्टार मॉडेल बी त्याच्या जागी उभं राहिलं. फरक दस्त्याच्या मागे दिसतो: 1911 ला तिथे दाबली जाणारी ग्रिप सेफ्टी असते, स्टारला नसते.

गोळ्या संपल्याचा क्षण सगळ्यात जास्त चुकतो. पिस्तुलाची स्लाइड शेवटच्या बारानंतर मागे अडकते, त्यामुळे स्लाइड पुढे असताना "खट् खट्" करत चाप ओढणारा खलनायक चुकीचा. रिव्हॉल्व्हरवर तेच दृश्य बरोबर. एकेएम रायफल आणि एमपी5 सबमशीनगन शेवटच्या गोळीनंतर उघड्या राहत नाहीत, तिथे एकदा "खट्" चालतो. एम4 रायफल उघडी राहते.

गोळ्यांचा हिशेबही करा. एमपी5 मिनिटाला साधारण 800 बार करते, म्हणजे 30 गोळ्या सव्वादोन सेकंदांत संपतात. एकेएमचा वेग सुमारे 600, म्हणजे 3 सेकंद. पटकथेत दहा सेकंदांचा अखंड मारा असेल तर मॅगझिन बदलण्याची कृती बसवा. ती दोन्ही शस्त्रांत पाहायला छान असते, विशेषतः एमपी5 चा डावीकडचा खटका तळहातानं खाली मारणं. पंप शॉटगनमध्ये नुसत्या दराऱ्यासाठी पुन्हा पंप मारला तर न उडालेलं काडतूस खाली पडायला हवं. ते पडताना दाखवा किंवा पंप मारू नका.

सायलेन्सरनं बंदूक मुकी होत नाही. आवाज साधारण 20 ते 35 डेसिबलनं उतरतो, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर हवेतला तडाखा राहतोच. .45 ची गोळी ध्वनीपेक्षा मंद असते, म्हणून गुपचूप मारणाऱ्या पात्राला ते शोभतं. रायफलला सायलेन्सर लावून शेजारच्या खोलीतल्यांना काहीच ऐकू न येणं पटत नाही.

रिव्हॉल्व्हरबद्दल वेगळं

रिव्हॉल्व्हर सगळ्यात साधं: अडकत नाही, हलके भार चालतात. तरी आम्ही ते सर्वांत शेवटी निवडू. समोरून जवळचा शॉट घेतला की सिलिंडरच्या छिद्रांत गोळ्यांची टोकं दिसायला हवीत, म्हणजे नकली काडतुसं (खऱ्यासारखी दिसणारी, पण दारू नसलेली आणि न उडणारी) भरावी लागतात. इथूनच अपघात घडले आहेत. 1993 मध्ये ब्रँडन लीच्या मृत्यूत खऱ्या काडतुसातली दारू काढून नकली बनवली होती, पण टोपी जिवंत राहिली होती. टोपीच्या स्फोटानं गोळी नळीत सरकून अडकली, आणि नंतर भरलेल्या कोऱ्या काडतुसानं ती बाहेर ढकलली. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला, तेव्हा नकली काडतुसं असायला हव्या असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक जिवंत काडतूस होतं.

नकली काडतुसाच्या पुंगळीला बाजूनं भोक असावं किंवा आत छर्रा असावा, म्हणजे कानाजवळ हलवल्यावर खुळखुळतं. प्रत्येक काडतूस एकेक करून, अभिनेत्यासमोर तपासायचं. प्रत्येक मांडणीआधी आणि नकलीवरून कोऱ्यावर जाताना नळीतून सळई आरपार घालायची. कोरी आणि नकली काडतुसं वेगळ्या, कुलूपबंद डब्यांत ठेवायची, आणि जिवंत काडतूस सेटच्या आवारातही नको. यातली एकही गोष्ट करायला वेळ नसेल तर समोरचा शॉट बदला: सिलिंडर बाजूनं दाखवा आणि छिद्रं रिकामी ठेवा.

तीन ठरलेले प्रसंग

चालत्या गाडीतला गोळीबार: गॅसचं पिस्तूल, एलईडी, नंतर ज्वाला. बंद काचांत कोऱ्या काडतुसाचा आवाज कानांना इजा करतो आणि गरम पुंगळी चालकाच्या मांडीवर पडते.

रात्रीच्या गल्लीतली लांब चकमक: इथे कोरी काडतुसं खरोखर पैसे वसूल करतात, कारण भिंती, धूर आणि चेहरे एकदम उजळतात. मुख्य दोन पात्रांना बेरेटा किंवा एकेएम, मागच्या गर्दीला मुक्या प्रतिकृती. कानात बोळे सगळ्यांच्या, ध्वनिमुद्रकासकट. भरलेली आणि परत आलेली काडतुसं मोजा, संख्या जुळेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही.

झटापट करत बंदूक हिसकावणं: सुरुवातीपासून शेवटपर्यंत मऊ रबर. बार उडायचा क्षण वेगळा कट करून घ्या, दोघांची बोटं चापाजवळ असताना नाही.