एजन्सीचे १८,००० आणि झिजलेलं जायफळ: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

परवा एजन्सीचा फोन आला. "मॅडम, ११ महिन्यांचा करार संपत आलाय, रिन्यू करायचा ना?" तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतेय. बाळ सांभाळायला बाई शोधणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, दोघंही नोकरीला. २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा लेक साडेसहा महिन्यांची होती. पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, आमच्या ऑफिसात तीसच माणसं. जवळची पाळणाघरं वर्षाच्या आतलं बाळ घेईनात. म्हणून एजन्सी. फी एका महिन्याच्या पगाराएवढी, १८,०००, परत न मिळणारी. बदल्यात "प्रशिक्षित, पोलीस व्हेरिफाइड" बाई आणि दोन वेळा बदली. व्हेरिफिकेशनचा कागद मागितला तर आधार कार्डाच्या झेरॉक्सचा फोटो आला. आधार म्हणजे पोलीस पडताळणी नव्हे, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिल्या बाई वेळेवर येणाऱ्या, स्वच्छ. पहिले दोन महिने मी त्यांचं कौतुक करताना थकत नव्हते, कारण लेक दुपारी सलग तीन तास झोपायची. सुट्टीच्या दिवशी माझ्याजवळ मात्र पाऊण तासात उठायची. मला वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. संध्याकाळी ती मलूल असायची, दूध अर्धवट टाकायची. दात येत असतील, असं सगळेच म्हणाले.

मग एका शनिवारी पुरणासाठी जायफळ काढलं. एका बाजूने सपाट झिजलेलं, आतली तपकिरी नक्षी उघडी पडलेली. सहाणेवर वाळलेला ओघळ. माझ्या सासूबाई गुटीत जायफळाचा एखादाच वेढा द्यायच्या. इथे अर्धं जायफळ संपलं होतं. विचारलं तर बाई सरळ म्हणाल्या, "ताई, झोप चांगली लागती. आमच्याकडं सगळीच देत्यात." डॉक्टरांनी ते त्याच दिवशी बंद करायला लावलं. जायफळ जास्त झालं तर अंगाला बाधतं, आणि एवढ्याशा जिवाला किती म्हणजे जास्त हे कोण मोजणार?

त्या बाईंवर माझा राग फार टिकला नाही. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो "प्रशिक्षित" म्हणून पैसे घेणाऱ्यांवर. एजन्सीचं उत्तर होतं, "जायफळ तर घरगुतीच असतं मॅडम." बदली १९ दिवसांनी मिळाली, तोवर आम्ही दोघांनी रजा वाटून घेतल्या. नवीन बाई चौथ्या दिवसापासून आल्या नाहीत.

कॅमेऱ्याबद्दलचं माझं मतही बदललं. २,४०० रुपयांचा कॅमेरा हॉलमध्ये लावून मी ऑफिसात दिवसभर फोनकडे बघत बसायचे. जे बघायला हवं होतं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर घडत होतं. कॅमेरा अजून आहे, पण आताच्या मावशींना तो पहिल्या दिवशीच दाखवला, आणि मी तो क्वचित उघडते.

या मावशी आमच्या पोळीवाल्या ताईंच्या ओळखीतून आल्या. आधी त्यांचं घर बघून आलो. त्या चार वर्षं जिथे होत्या त्या घरी मावशींना न घेता गेलो आणि तासभर बोललो. पोलीस चौकीत माहिती आम्हीच दिली. पहिला आठवडा पूर्ण पगार देऊन मी सोबत थांबले. मी विचारलं होतं, "बाळ रडायचं थांबलंच नाही तर काय करता?" त्या म्हणाल्या, "आधी कपडे काढून बघते, मुंगी-बिंगी चावली का. मग तुम्हाला फोन." मला तिथेच पटलं.

आणि वही. ४० रुपयांची वही, स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने पेन बांधून. नियम एकच: बाळाच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं, नवीन काही द्यायचं तर आधी विचारायचं. मावशी सातवी शिकलेल्या. "११.२० वरनभात ६ चमचे. १२.४० झोपली. १.२५ उठली. शी पातळ." ऑगस्टमधल्या एका पानावर आहे, "२.१० आंग गरम. ताईला फोन केला. औषद दिलं नाही." ते शेवटचं वाक्य मी त्या रात्री कितीदा वाचलं असेल. एजन्सीने १८,००० घेऊन जे दिलं नाही ते या ओळीत आहे. आज कुणी विचारलं तर बाकी सगळं सोडून मी वहीच सांगते.

तक्रारी आहेत. पीएमपीच्या बसमुळे आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं उशीर होतो, आणि दुपारची मालिका बंद करायला मला तीनदा बोलावं लागलं. आता रेडिओ लावतात. पगार १७,०००, महिन्याला चार सुट्ट्या, उचल घेतली की तीही वहीत.

लेक आता सतरा महिन्यांची होईल. दुपारी दीड तास झोपते आणि उठली की मावशींची पिशवी उपसते. एजन्सीला नाही म्हणून कळवलं, आणि न मिळालेल्या बदलीचे पैसे लेखी मागितले आहेत. उत्तर आलं की सांगते.