सायॉन आणि विझार्ड एकाच पार्टीत: काही महिने खेळल्यानंतर

फँटसी जगात मंत्र आहेत, मग मनशक्ती कशाला हवी? सायॉनिक्सचं, म्हणजे खेळातल्या मनशक्तीच्या नियमांचं, नाव काढलं की हा प्रश्न हमखास येतो. गेले कित्येक महिने आमची डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ) ३.५ आवृत्तीची कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, चालू आहे. मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे आणि पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या गटात) मंत्र टाकणारा विझार्डही आहे, मनशक्ती वापरणारा सायॉनही आहे. दोघं एकाच लेव्हलपासून बरोबरीने वाढत आले, त्यामुळे २००४ सालच्या 'एक्स्पांडेड सायॉनिक्स हँडबुक' या नियमपुस्तकाबद्दल आता ठामपणे बोलता येईल. मनशक्ती वेगळी वाटावी म्हणून तिला जादूच्या नियमांबाहेर काढायची गरज नाही. ताकद खर्च कशी होते आणि वापरताना ती इतरांना कशी जाणवते, एवढं वेगळं असलं तरी पुरतं. या पुस्तकाने हे दोन्ही नेमकं साधलंय.

सायॉनिक्सची बदनामी जुनी आहे, आणि ती उगाच झालेली नाही. १९७६च्या 'एल्ड्रिच विझार्ड्री' या पुरवणीतून ती खेळात आली. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ती परिशिष्टात होती: पात्राच्या इंटेलिजन्स, विस्डम किंवा करिझ्मा या गुणांपैकी एखादा १६ किंवा त्याहून जास्त असेल तर टक्केवारीचे डाइस टाकायचे, आणि नशीब फळफळलं तर पात्राला मनशक्ती वरकड मिळायची. मनांच्या लढाईसाठी हल्ल्याचे पाच आणि बचावाचे पाच प्रकार, त्यांचे वेगळे तक्ते. दोघं लढणार आणि बाकीचे बघत बसणार. १९९१मध्ये दुसऱ्या आवृत्तीत सायॉनिसिस्ट हा रीतसर क्लास (पात्राचा प्रकार) आला, पण तिथे शक्ती वापरताना दरवेळी ती लागू पडते का याचा डाइस टाकावा लागे. ज्यांनी ते दिवस खेळून काढलेत त्यांच्या मनात अढी असणं मी समजू शकतो.

आता पॉइंटांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पाचव्या लेव्हलच्या सायॉनला शक्तींवर खर्चायला दिवसाला २५ पॉवर पॉइंट मिळतात. इंटेलिजन्स १८ असेल तर आणखी १०, म्हणजे ३५. त्याच लेव्हलच्या, तेवढ्याच हुशार विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (दिवसात स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायच्या मोजक्या जागा) दोन. म्हणजे त्याने फायरबॉल हा आगीचा स्पेल दोनदा टाकला की पुढचं सगळं खालच्या स्लॉटांवर. सायॉनची एनर्जी रे ही किरणाची शक्ती एका पॉइंटात १ डी६ (सहा बाजूंच्या एका डाइसवर पडेल तेवढं) नुकसान करते, आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटामागे आणखी १ डी६. एका वेळी पाच पॉइंट घातले तर ५ डी६, आणि हे दिवसातून सात वेळा. वर आग, थंडी, वीज की आवाज, हेही त्याच क्षणी ठरवायचं.

हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग हा क्लास डोईजडच झाला. पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. विझार्डचा फायरबॉल लेव्हलबरोबर आपोआप वाढतो. दहाव्या लेव्हलला त्याच स्लॉटात १० डी६, वर एक पैही नाही. सायॉनला १० डी६ हवे असतील तर दहा पॉइंट मोजावेच लागतात. त्याला फुकट वाढ नाही, प्रत्येक डाइस पदरचा. त्यामुळे आमच्या टेबलावर दोघांच्या खेळण्याची तऱ्हाच वेगळी झाली. विझार्डचा खेळाडू सकाळी स्पेल निवडताना डोकं खाजवतो, सायॉनचा खेळाडू प्रत्येक वाराला. 'दोन घालू की पाच?' हा प्रश्न तो मोठ्याने विचारतो आणि सगळी पार्टी त्यात भाग घेते. जखमी गॉब्लिनसाठी दोनच घातले, गॉब्लिन एका हिट पॉइंटवर (उरलेला जीव मोजायचा आकडा) उभा राहिला, असं झालं की टेबलावर जो कल्ला होतो तो स्लॉटांच्या हिशेबातून होत नाही.

एक नियम मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा: एका शक्तीवर आपल्या मॅनिफेस्टर लेव्हलपेक्षा (सायॉनसाठी ती त्याच्या क्लासची लेव्हलच) जास्त पॉइंट घालता येत नाहीत. ही मर्यादा विसरलात तर पाचव्या लेव्हलचा सायॉन ३५ पॉइंट एकाच किरणात ओतेल आणि ड्रॅगन आडवा करेल. सायॉनिक्स मोडकं आहे अशा ज्या कहाण्या मी प्रत्यक्ष ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हेच विसरणं होतं.

उधळपट्टीचा त्रास मात्र खरा आहे. दिवसात एकच लढाई असेल तर सायॉन सगळं तिथेच रिकामं करतो आणि विझार्ड फिका पडतो. याला पुस्तकात उपाय नाही, तो जीएमनेच करायचा. मी वेळेचं दडपण ठेवतो. आठ तासांच्या विश्रांतीशिवाय पॉइंट परत येत नाहीत, आणि ते आठ तास सहजी मिळू देत नाही. दिवसात तीन-चार चकमकी झाल्या की दोघं बरोबरीला येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्प्ले. सायॉनला मंत्र पुटपुटावे लागत नाहीत, हातवारे नकोत, साहित्याची पिशवी नको. पण शक्ती वापरली की काहीतरी जाणवतं: खर्जातली गुणगुण, जवळपासच्यांच्या मनात वाजलेली हलकी घंटा, चंदेरी आगीसारखे डोळे. मला सगळ्यांत आवडतो तो वासाचा. विचित्र पण ओळखीचा वास येतो आणि क्षणभर कधीची गाडली गेलेली आठवण वर येते. मी प्रत्येक खेळाडूला विचारतो, तुझ्या पात्राला काय आठवलं? कित्येक पात्रांचं बालपण आम्हाला असंच कळलं.

हा डिस्प्ले दाबताही येतो. त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन चेक, म्हणजे वीस बाजूंचा डाइस अधिक बोनस; बेरीज किमान पंधरा अधिक शक्तीची लेव्हल एवढी यायला हवी. पार्टी कैदेत होती, सगळ्यांचे हात बांधलेले, तोंडात बोळे. विझार्डकडे सायलेंट आणि स्टिल स्पेल हे फीट (न बोलता, न हलता स्पेल टाकू देणारी खास कौशल्यं) नव्हते, तो हतबल. सायॉनला एका पहारेकऱ्यावर चार्म (समोरच्याला आपण मित्र वाटू लागतो अशी शक्ती) टाकायचं होतं, दुसरा शेजारीच उभा. पहिल्या लेव्हलची शक्ती म्हणजे १६ हवेत, त्याचा बोनस दहा. डाइसवर सहा किंवा वर. तेरा पडले. पहारेकऱ्याचा सेव्ह (प्रतिकाराचा डाइस) हुकला आणि कोणाला काही न कळता त्याने दोर सोडले. मनशक्ती म्हणजे काय, ते सगळ्या पार्टीला त्या संध्याकाळी कळलं.

वाद होतो तो पारदर्शकतेवर, म्हणजे जादू आणि मनशक्ती एकमेकींना लागू पडाव्यात का यावर. पुस्तकाचा मूळ नियम असा की डिस्पेल मॅजिक (जादू उतरवणारा स्पेल) मनशक्तीवरही चालतं, आणि स्पेल रेझिस्टन्स (अंगभूत जादूविरोध) सायॉनलाही आडवा येतो. दोन्ही पूर्ण वेगळी मानायचा पर्यायही पुस्तकात आहे. तो आम्ही काही सेशन खेळून पाहिला. राक्षसांचा स्पेल रेझिस्टन्स सायॉनपुढे कुचकामी ठरला आणि शत्रूच्या विझार्डला त्याच्याविरुद्ध काही करताच येईना. रोमांच वाढण्याऐवजी लढाया एकतर्फी झाल्या. ज्या जगात मनशक्ती सर्रास आहे आणि प्रत्येक शत्रूकडे तिचा तोड आहे, तिथे तो पर्याय चालेल. एरवी पारदर्शकताच ठेवा.

तक्रारी आहेतच. सोलनाइफ (मनातून पातं घडवून लढणारा) क्लास कल्पनेत देखणा, पण लढाईत फायटरच्या मागे पडतो. टेलिपाथ (मनं वाचणारा सायॉन) पार्टीत असला की खुनाचं रहस्य वगैरे रचताना कस लागतो, कारण संशयितांचं मन वाचणं हाच पहिला उपाय असतो. आणि स्फटिक, एक्टोप्लाझम (मनशक्तीतून बनणारा चिकट पदार्थ) हा सगळा साज मध्ययुगीन किल्ल्यांत काहींना खटकतो. मला नाही खटकत.

डी अँड डीची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांना २०२०च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मधला अॅबरंट माइंड सॉर्सरर हा मनशक्तीकडे झुकलेला जादूगार जवळचा वाटेल. सहाव्या लेव्हलपासून तो आपले सायॉनिक स्पेल सॉर्सरी पॉइंट खर्चून, न बोलता, हात न हलवता टाकतो. चव तीच, पण पॉइंट मोजून ताकद कमीजास्त करण्याचा खेळ तिथे नाही. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या २०१५च्या 'ऑकल्ट अॅडव्हेंचर्स'ने वेगळीच वाट काढली. तिथे मंत्राच्या जागी विचार आणि भावना लागतात, आणि घाबरवलेला सायकिक (तिथला मनशक्तीने स्पेल टाकणारा क्लास) भावनेचे स्पेल टाकूच शकत नाही. हा नियम मला इतका पटला की पुढच्या कॅम्पेनमध्ये तो सायॉनला लावून बघणार आहे: भीतीच्या प्रभावाखाली असताना डिस्प्ले दाबता येणार नाही. खेळाडूशी बोलणं झालंय, तो तयार आहे.

पुस्तक घेणार असाल तर पहिल्या कॅम्पेनला सायॉन आणि सायकिक वॉरियर (मनशक्ती वापरणारा लढवय्या) एवढेच क्लास उघडा. वाइल्डर नंतर आणा, कारण त्याला स्वतःच्या लेव्हलच्या वर उसळी मारता येते आणि मर्यादेचा नियम अंगवळणी पडलेला नसेल तर गोंधळ होतो. आणि पॉइंट खोडत जायला कॅरेक्टर शीटला एक कोरा कागद जोडा. शीटवरची जागा पुरत नाही.