'डायरेक्ट' की 'इन्स्ट्रक्ट'?

इंग्रजीत सूचना लिहिताना या दोन क्रियापदांपाशी हात अडतो. मूळ पाहिलं तर 'डायरेक्ट' लॅटिन 'दिरिगेरे'वरून, म्हणजे सरळ नेणे. 'इन्स्ट्रक्ट' 'इन्स्त्रुएरे'वरून, म्हणजे रचणे, सज्ज करणे. 'स्ट्रक्चर' त्याचंच भावंड.

वाट दाखवायला फक्त 'डायरेक्ट': 'ही डायरेक्टेड मी टू द स्टेशन'. तिथे 'इन्स्ट्रक्टेड' घातलं की वाक्य मोडतं, कारण 'टू'पुढे ठिकाण नव्हे, कृती लागते. पोहणं शिकवायचं तर उलट: 'इन्स्ट्रक्ट', पुढे 'इन'.

हुकमाला दोन्ही चालतात, रचनाही एकच. तरी कोर्ट पोलिसांना 'डायरेक्ट' करतं, पक्षकार वकिलाला 'इन्स्ट्रक्ट'.

दिशा, सिनेमा, अधिकृत आदेश असेल तर 'डायरेक्ट' घ्या. काम पायरीपायरीने शिकवायचं असेल तर 'इन्स्ट्रक्ट'. घरगुती निरोपाला दोन्ही जड. साधं 'टेल' पुरे.