‘ट्रिनिटी’ आधी की ‘ब्लेझिंग सॅडल्स’?

दोन्ही विनोदी वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट; प्रश्न एवढाच, की घरी आधी कुठला लावावा. दोन्ही सिनेमांत घेवड्याची उसळ आहे आणि फरक तिथेच कळतो. ‘दे कॉल मी ट्रिनिटी’मध्ये (१९७०) धुळीने माखलेला नायक, नट टेरेन्स हिल, घोड्यामागे फरफटत येणाऱ्या बाजेवर झोपूनच गावात येतो आणि खानावळीत बसून अख्खी कढई पावाने पुसून फस्त करतो. विनोद एवढाच, की माणूस भुकेला आहे. ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये (१९७४) तसलीच उसळ खाऊन काउबॉय शेकोटीभोवती बसतात आणि मग एकेकाचं पोट बोलायला लागतं. हाही विनोद उत्तमच, पण त्याची खरी गंमत कळायला एक गोष्ट आधी लक्षात आलेली असावी लागते: इतक्या वेस्टर्नमध्ये इतकी वर्षं लोक शेकोटीपाशी हेच खात आले, पण कोणाला कधी काही झालेलं दाखवलं नाही.

‘ब्लेझिंग सॅडल्स’ हा दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा सिनेमा जास्त हुशार आहे, यात वाद नाही. लेखकांत रिचर्ड प्रायर हा काळा विनोदवीर होता, त्यामुळे काळ्या शेरीफला बघून गोऱ्या गावाची जी तारांबळ उडते तिला धार आहे. पण मी तो पहिल्यांदा लावला तो बाबांसोबत, आणि तिथे माझा रिमोट अडकला.

खलनायकाचं नाव हेडली लमार. जो तो त्याला ‘हेडी’ म्हणतो आणि तो दर वेळी चिडून दुरुस्त करतो. मी सिनेमा थांबवून सांगितलं, की हेडी लमार नावाची खरी नटी होती, तिने यावरून दावाही लावला होता. बाबा म्हणाले, “बरं. पुढे लाव.” मग वाळवंटात जाझवाला काउंट बेसी आपला वाद्यवृंद घेऊन वाजवत बसलेला दिसतो. पुन्हा थांबवलं, पुन्हा समजावलं. सबटायटलं वाचून होईपर्यंत पडद्यावरचा माणूस पुढच्या विनोदावर गेलेला असायचा. शेवटी मारामारी भिंत फोडून शेजारच्या नाचगाण्याच्या सेटवर घुसते तेव्हा बाबांनी विचारलं, “चॅनेल बदललं का?” त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

‘ट्रिनिटी’ला रिमोट लागला नाही. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, हे खरं. पण सिनेमा इटालियन, आणि त्या काळात इटलीत आवाज बहुधा मागाहूनच भरत, त्यामुळे इंग्रजी डबिंग लावलं म्हणून फार काही हुकलं असं मला तरी वाटलं नाही. मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत गोष्ट जरा रेंगाळते, तेव्हा चहा करून घ्यावा. नंतर मात्र हात न उगारणाऱ्या त्या भाविकांना मारामारी शिकवायचा वर्ग भरतो, आणि तिथून शेवटच्या हाणामारीपर्यंत एकही वाक्य कळलं नाही तरी चालतं. नायकाच्या भावाचं काम करणारा बड स्पेन्सर हा माणूस १९५२ आणि १९५६च्या ऑलिम्पिकमध्ये इटलीकडून पोहला होता. तो ठोसा समोरून मारतच नाही. वरून, थेट टाळक्यावर, खुंटी ठोकावी तसा मारतो. तिसऱ्या-चौथ्या खुंटीला बाबांना हसता हसता ठसका लागला. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

तुम्ही एकटे बघणार असाल, इंग्रजी कानाला सरावलेलं असेल आणि जुन्या वेस्टर्न भरपूर बघून झाल्या असतील, तर कदाचित माझं ऐकू नये. पण घरात तीन पिढ्या आणि एकच टीव्ही असेल, तर आधी ‘ट्रिनिटी’. दुसरा भाग (१९७१) लगेच लावू नका, बाज आणि उसळ पुन्हा येतात. आठवडाभराने त्यातला पत्त्यांचा डाव जास्त रंगेल.

‘ब्लेझिंग सॅडल्स’ मी अजूनही अधूनमधून बघतो. रात्री, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून.