पॉवर प्रेस चालवणाऱ्या छोट्या शॉपसाठी सेफ्टी ऑडिट: आम्ही घेतलेली सेवा कशी वाटली

भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. 11 पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी यंत्रं), 10 टनापासून 100 टनापर्यंत दाबाच्या, सगळ्या जुन्या पिन क्लचच्या, म्हणजे फिरतं जड चाक पिनेनं प्रेसला जोडणाऱ्या. 2 ड्रिल, 1 ग्राइंडर, 19 माणसं. ज्या कंपनीला आम्ही ब्रॅकेट पुरवतो, तिनं यंदा कळवलं की ‘हायरा’ म्हणजे धोके शोधून त्यांचं मूल्यांकन करून घ्या, मगच पुढची ऑर्डर. ओळखीतून एक कन्सल्टंट मिळाले. मेंटेनन्समध्ये उभी नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. एका दिवसाची पाहणी, लेखी अहवाल आणि तीन महिन्यांनी पुन्हा एक फेरी, याचे 28,000 रुपये अधिक जीएसटी. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव देत नाही.

याआधी आमच्याकडे दोन ऑडिट झाली होती. दोन्ही वेळा आगीच्या सिलिंडरवरच्या तारखा, फर्स्ट एड बॉक्स, रजिस्टर, एवढंच पाहिलं गेलं. हे सर मात्र सकाळी साडेआठला आले आणि 4 नंबरच्या प्रेससमोर स्टूल टाकून वीस मिनिटं नुसते बसून राहिले. ऑपरेटरचा हात डायमध्ये, म्हणजे पत्रा ठेवायच्या खालच्या साच्यात, किती वेळा जातो ते मोजत होते. मिनिटाला 14 वेळा. शिफ्टमध्ये सात तास प्रत्यक्ष काम धरलं तर 5,880 वेळा. रोज 5,500 च्या आसपास नग निघतात हे मला तोंडपाठ होतं, पण तेवढ्याच वेळा एका माणसाचा हात पंचखाली, म्हणजे वरून आदळणाऱ्या साच्याखाली, जातो असा विचार मी कधी केला नव्हता.

मग त्यांनी ऑपरेटरच्या हातमोज्यांच्या टोकांना खडूची भुकटी लावली आणि काम चालू ठेवायला सांगितलं. दहा मिनिटांनी प्रेस बंद करून टॉर्चनं डाय दाखवली. पांढरे ठसे डायच्या कडेला असतील असं मला वाटलं होतं. ते बरोबर मध्ये होते, पंच उतरतो तिथे. ऑपरेटरनं ते वाकून बघितलं आणि काही न बोलता हात पुसत बसला.

दोन वर्षांपूर्वी 50 टनाच्या प्रेसवर मी बराच खर्च करून लाइट कर्टन बसवला होता, म्हणजे हात मधे आला की यंत्र थांबवणारा किरणांचा पडदा. ती प्रेस सुरक्षित आहे असं मी सगळ्यांना सांगायचे. सरांनी स्ट्रोक सुरू करवला आणि पंच खाली येत असताना कर्टनमध्ये लाकडी पट्टी धरली. प्रेस थांबली नाही, पट्टीचे दोन तुकडे झाले. त्यांनी कारण सांगितलं: पिन क्लच एकदा गुंतला की फ्लायव्हीलचा, म्हणजे त्या जड चाकाचा, पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही, मधेच थांबणं त्याला जमतच नाही. लाइट कर्टन चालतो तो फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर; तो घर्षणानं पकडतो, म्हणून मधेच सुटू शकतो. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मग दोन हातांची बटणं लावू का, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय स्ट्रोक बसणार नाही, असं मी विचारलं. त्यांनी वहीवर हिशोब मांडला. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. आमची प्रेस मिनिटाला 60 फेरे घेते आणि क्लच एकाच जागी गुंततो, म्हणजे बटण दाबल्यापासून पंच खाली पोचेपर्यंत जास्तीत जास्त दीड सेकंद (क्लच गुंतायची वाट बघण्यात एक फेरा, खाली यायला अर्धा). एवढ्या वेळात बटण सोडून हात 2.4 मीटर पुढे जातो. म्हणजे बटणं तेवढी लांब हवीत. तिथून काम होणार नाही. त्यापेक्षा हात आत जाण्याचं कारणच काढून टाकायचं: डायभोवती घट्ट बसवलेला जाळीचा गार्ड, ब्लँक (पत्र्याचा कापलेला तुकडा) आत सरकवायला पट्टी, तयार नग हवेनं उडवायला नोझल. ब्लँक घालायची फट 6 मिलिमीटरपेक्षा कमी. शेजारच्या फॅब्रिकेटरनं पहिला गार्ड चार दिवसांत करून दिला.

सगळ्यात महत्त्वाचं दुपारी घडलं. 2019 मध्ये आमच्याकडे एका मामांची डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा अपघाताच्या नोंदीत मी ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं होतं. मामा आता स्टोअर सांभाळतात. सरांनी त्यांना प्रेसजवळ नेऊन नेमकं काय झालं ते करून दाखवायला सांगितलं. मामा म्हणाले, “पाय पेडलवर नव्हताच साहेब, प्रेसनं डबल मारला.” म्हणजे पेडल न दाबता प्रेस दुसऱ्यांदा खाली आली. सरांनी त्याच प्रेसचा क्लच खोलून घेतला. पिन झिजलेली होती आणि स्प्रिंग नंतर कधीतरी बदललेली, तीही ढिली. एवढ्या वर्षांत मामांना हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांची तिथंच माफी मागितली आणि नोंदीखाली त्यांचं म्हणणं तारखेसह लिहून सही केली. आता दर सोमवारी प्रत्येक प्रेसची पिन आणि स्प्रिंग तपासून फळ्यावर सही होते.

ड्रिलवरही आमची चूक निघाली. तिथे मीच ‘हातमोजे घाला’ असा बोर्ड लावला होता. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा अडकला तर हातासकट खेचला जातो. बोर्ड त्याच दिवशी उतरवला. पेडलवर वरून काही पडून स्ट्रोक बसू नये म्हणून सगळ्या पेडलना झाकणंही केली.

आता जे पटलं नाही ते. अहवाल 41 पानांचा, संपूर्ण इंग्रजीत. आमच्या ऑपरेटरांपैकी निम्मे लातूर-बीडकडचे, बाकीचे उत्तर प्रदेशातले, ते यातलं काय वाचणार? मी धरून बसले तेव्हा मराठी आणि हिंदीत चित्रांसह एकेक पान करून दिलं, पण हे आधीच ठरलेलं असायला हवं. दुसरं, आवाज. त्यांच्या मीटरवर 96 डेसिबल आला, आठ तासांची मर्यादा 90 आहे, आणि उपाय म्हणून लिहिलं ते फक्त इअरप्लग. धोका मुळाशी काढा, अंगावर घालायच्या वस्तू शेवटी, हे दिवसभर तेच सांगत होते. हवेच्या नोझलचा आवाज किंवा प्रेसखालचे रबर पॅड यावर एक ओळ नव्हती. तिसरं, तीन महिन्यांची फेरी पाच आठवडे उशिरा झाली.

त्या फेरीत मात्र त्यांनी एक गोष्ट नीट समजावली. 4 नंबरला आधी अपघाताची शक्यता 4, इजेची तीव्रता 4, म्हणजे गुणाकारानं धोक्याचे 16 गुण होते. गार्डनंतर मी दोन्ही आकडे कमी केले होते. त्यांनी तीव्रतेचा 4 परत लिहिला. प्रेस तेवढ्याच टनाची आहे, बोट सापडलं तर तेवढंच जाणार. गार्डमुळे घटली ती शक्यता. म्हणून गार्ड काढून काम करायची मुभा कुणालाच नाही, डाय बसवणाऱ्या सेटरलासुद्धा मेन स्विचला कुलूप घातल्याशिवाय नाही.

पाचपैकी चार तारे. बोलवायचं असेल तर चालू शिफ्टला बोलवा, सुट्टीच्या दिवशी नको. ज्याला लागलं होतं त्या माणसाला त्या दिवशी कामावर ठेवा. आणि मराठी पानांचं आधीच लिहून घ्या. आमच्या 9 प्रेसना गार्ड बसले आहेत. उरलेल्या दोन गार्ड बसेपर्यंत बंद आहेत, फ्यूज काढून माझ्या कपाटात ठेवलेत.