आगोटीचा चवीचा डबा: मे ते संक्रांत, काय टिकलं नि काय गेलं

चिपळुणात राहणाऱ्याला पावसाआधीचं, म्हणजे आगोटीचं, सामान भरायला कुणी सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर नाहीच. तांदूळ, मूगडाळ, कुळथाचं पीठ, पोहे वरच्या फळीवर सगळ्यांकडेच असतात. पण लाइट नाही, भाजी नाही, नळाला पाणी नाही आणि सलग तिसऱ्या दिवशी तोच मऊ भात, की पोरं ताट सरकवतात. म्हणून मेअखेरीस चवीचा डबा वेगळाच भरला. पूर आला नाही, देवाची कृपा. पण लाइट गेली की बाजारात न जाता डब्यावरच भागवायचं, असं घरात ठरवलं होतं. त्यामुळे चांगलीच परीक्षा झाली.

आमसुलं पहिली, वादच नाही. मिठात मुरवून, रातांब्याचाच, म्हणजे कोकमाच्या फळाचाच, रस पुन्हा पुन्हा पाजून वाळवलेली असतात, बिघडणार कशी? काळी पडली, अंगावर मीठ फुललं, बस्स. कुळथाच्या पिठीत दोन-तीन टाकली की तिला तोंड येतं. आगळाची, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाची, बाटली जड, पण गॅस संपला तरी उपयोगी: पाण्यात आगळ, ठेचलेली मिरची, जिरं, चिमूटभर साखर, झालं सार.

मेतकूट एका मोठ्या बरणीत आणि काही छोट्या बाटल्यांत भरलं होतं. मोठी बरणी रोज उघडायची, श्रावणातच त्यात गोळे झाले आणि हिंगाचा वास उडाला. न उघडलेल्या बाटल्यांतलं दिवाळीतही ताजं होतं. मऊ भात, मेतकूट, वर कच्च्या तेलाची धार: आजारी माणूसही दोन घास जास्त जेवतो.

निराशा केली ती खोबरं-लसणीच्या चटणीने. गणपतीपर्यंत खवट. दाण्याच्या कुटाचीही तीच गत. तेल सुटणारं काहीही कोकणातल्या दमट हवेत आधी जातं, मग झाकण कितीही घट्ट असो. ते महिन्याभराचंच करावं. मसाल्यांतही धणे, मिरी, लवंगा अख्ख्या ठेवलेल्या घमघमीत राहिल्या. दळलेला मालवणी मसाला रंगाला होता, वासाला नव्हता.

सांडगी मिरची सादळते, पण कोरड्या तव्यावर परतली की पुन्हा कुरकुरीत. तेल वाचतं. चुरून वरणभातावर घेतली की भाजीची आठवण येत नाही.

सुक्या मासळीबद्दल मतभेद होतील. खारे बोंबील मला आणीबाणीला बाद वाटतात, कारण धुवायलाच पाणी फार लागतं. जवळा मात्र उन्हाळ्यातच निवडून, रेती पाखडून, भाजून भरला होता. कांदा, तिखट, आमसूल घालून परतला की पाच मिनिटांत तयार, मग कालवण नसलं तरी चालतं. वासाचं म्हणाल तर बरणीला फडक्याचा दादरा बांधून वर पिशवी घातली, तरी फळीवरचे पोहे जवळ्याचे लागत होते. आता तो बाल्कनीच्या कपाटात.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. या डब्यातलं बहुतेक सगळं खारट आहे. पिण्याचं पाणी मोजून वापरायचं असेल तर भात अळणी शिजवा आणि आमसुलं घालायच्या आधी झटकून मीठ काढा. येत्या मे महिन्यात चटणी बाद करून तिच्या जागी चिंच आणि खडा हिंग भरणार आहे.